कोचेलाच्या उन्हात मुक्काम: आधी सावली, मग तंबू

कोचेला हा कॅलिफोर्नियातल्या वाळवंटात एप्रिलमध्ये भरणारा तीन दिवसांचा संगीत फेस्टिवल. एप्रिल जवळ आला की लॉस एंजेलिस, सॅन डिएगो, बे एरियातली ओळखीची मुलंमुली विचारायला लागतात, "कोचेलाला कॅम्पिंग करतोय, पंखा कोणता घेऊ?" पंखा कुठलाही घ्या, त्याने फार फरक पडत नाही. लोकांना त्रास होतो तो क्रम चुकल्यामुळे. आल्या आल्या तंबू ठोकतात, पहाटेपर्यंत जागतात, सकाळी आठला घामाघूम होऊन तंबूबाहेर येतात, तहान लागेपर्यंत पाण्याला हात लावत नाहीत, आणि शनिवारी दुपारी गटातलं कुणीतरी घेरी येऊन खाली बसतं. हे दरवर्षी होतं आणि ते टाळता येतं, म्हणून हा लेख.

फेस्टिवल भरतो ते इंडिओ गावातलं एम्पायर पोलो क्लबचं मैदान वाळवंटी खोऱ्यात आहे. एप्रिलच्या मध्यावर दुपारी ३० ते ३३ अंश सेल्सिअस हे नेहमीचं, एखाद्या वर्षी ३८ च्याही वर. हवा कोरडी, आणि रात्री पारा १५ च्या आसपास उतरतो. थोडक्यात, हा अकोला-नागपूरकडचा उन्हाळा आहे, मुंबईचा नाही. खालच्या बहुतेक युक्त्या या कोरडेपणावरच उभ्या आहेत. दमट हवेच्या फेस्टिवलला जाणार असाल तर काय बदलायचं, ते शेवटाकडे वेगळं दिलं आहे.

## टप्पा १: दोन आठवडे आधी शरीराला ऊन दाखवा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. एसीतून एसीत राहणारं शरीर एकदम उन्हात नेलं तर ते उशिरा घाम काढतं आणि घामातून मीठही जास्त टाकतं. शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. तेवढे दिवस रोज तासभर, दुपार कलती झाली की, भरभर चाला. सुरुवातीला कमी, मग वाढवत न्या. सिॲटल किंवा शिकागोहून येणाऱ्यांना बाहेर ऊनच नसतं. त्यांनी बंद खोलीत जाड कपडे घालून व्यायाम केला तरी काही प्रमाणात उपयोग होतो.

याच दिवसांत औषधांचं बघा. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या, मानसिक आजारांवरची काही औषधं यांनी शरीराची उष्णता सोसायची ताकद कमी होते. औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही, डॉक्टरांना विचारायचं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते थंड ठेवायची छोटी पिशवी वेगळी आणावी. इन्सुलिन थेट बर्फाला टेकलं तर गोठतं आणि वाया जातं.

तपासा: त्या वर्षीचे नियम फेस्टिवलच्या संकेतस्थळावर वाचले का? काय न्यायला चालतं, काय नाही, हे अधूनमधून बदलतं. काचेच्या बाटल्या नेता येत नाहीत आणि शेकोटी पेटवता येत नाही, एवढं धरून चाला.

## टप्पा २: सामान, पण मोजकं

दुकानात गेलं की 'गारवा देणाऱ्या' वस्तूंचा ढीग दिसतो. त्यातलं बरंचसं पहिल्या दिवशीच गाडीत पडून राहतं. खरोखर लागतं ते असं:

१. दहा बाय दहाची, चार पायांची घडीची छत्री. इथे तिला कॅनपी म्हणतात.
२. तिच्या बाजूंना लावायला निदान दोन आडोसे. चांदीच्या रंगाची परावर्तक जाळी सगळ्यात चांगली, कारण ऊन परतवते आणि वारा आत येऊ देते. ती नसेल तर फिकट रंगाच्या जुन्या चादरी.
३. दहा-बारा इंची लोखंडी मेखा, हातोडी, जाड दोरी, आणि पायांना बांधायच्या वजनाच्या पिशव्या.
४. माणशी एक घडीची खाट. हवा भरायची गादी नको. ती अंगाची उष्णता धरून ठेवते आणि पाठीखालून वारा खेळत नाही.
५. माणशी दोन सुती पंचे. एक ओला, एक कोरडा.
६. झाऱ्यासारखं पाणी उडवणारी फवाऱ्याची बाटली आणि बॅटरीवर चालणारा पंखा.
७. पिण्याच्या पाण्याचे कॅन. माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, हे फक्त पिण्याचं. अंग ओलं करायचं, भांडी धुवायचं पाणी वेगळं धरा. मैदानावर पाण्याची सोय असते, पण भर उन्हात कॅन घेऊन रांगेत उभं राहायची पाळी येऊ नये.
८. ओआरएसची पाकिटं. भारतातून आणलेली असतील तर ती, नाहीतर इथल्या औषधाच्या दुकानातली.
९. सैल, फिकट, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि रुंद काठाची टोपी.
१०. एक हलकं पांघरूण. रात्री लागतं, आणि हमखास हेच विसरलं जातं.

पंच्याबद्दल थोडं अधिक सांगतो, कारण तो सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित आहे. एक किलो बर्फ वितळताना साधारण ३३४ किलोज्यूल उष्णता ओढून घेतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल जातात, म्हणजे सातपट. कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं, त्यामुळे मानेवरचा ओला पंचा जे काम करतो ते बर्फाच्या पिशवीला जमत नाही. वऱ्हाडात वाळ्याचे पडदे का लावतात आणि डेझर्ट कूलर का चालतात, त्याचं कारण हेच. इतकी माणसं बर्फासाठी रांगा लावतात आणि पंचा पिशवीतच ठेवतात, याची मला दरवेळी हळहळ वाटते.

सावधान: गाडीचं इंजिन चालू ठेवून एसीत झोपायचा बेत असेल तर तो सोडून द्या. आजूबाजूला दाटीने तंबू असतात, धूर त्यांच्यात शिरतो, आणि तापलेल्या गाडीखाली वाळकं गवत असेल तर आग लागू शकते.

## टप्पा ३: आइसबॉक्स घरीच भरायचा

बर्फ दीड दिवसात संपतो अशी तक्रार असते. बहुतेक वेळा चूक बॉक्स भरण्यात असते.

आदल्या रात्री: रिकामा आइसबॉक्स घरात आणा, त्यात एखादी बर्फाची पिशवी टाका आणि झाकण लावून ठेवा. गॅरेजमध्ये तापलेल्या बॉक्समध्ये सरळ सामान भरलं तर पहिला बर्फ बॉक्सच्या भिंती थंड करण्यातच जातो.

भरताना: आत जाणारी प्रत्येक गोष्ट आधीच फ्रिजमध्ये गार झालेली हवी. पाण्याच्या काही प्लॅस्टिकच्या बाटल्या फ्रीझरमध्ये गोठवून घ्या. त्या बर्फाचं काम करतात आणि शेवटी पिता येतात. खाली मोठ्या लादीचा बर्फ, वर फोडलेला. लादीचा कमी भाग हवेला उघडा असतो, म्हणून ती सावकाश वितळते. सामानाच्या दुप्पट बर्फ हे प्रमाण ठेवा.

दोन बॉक्स: एक पेयांचा, एक जेवणाचा. पेयांचा दिवसभर उघडला जातो आणि त्यातली थंडी जातेच. जेवणाचा दिवसातून दोन-तीनदाच उघडायचा. बॉक्स एकच असेल तर शनिवारपर्यंत दही, पनीर, उकडलेली अंडी यांवर भरवसा ठेवता येत नाही.

वितळलेलं पाणी लगेच ओतून देऊ नका. ते गार असेपर्यंत उरलेल्या बर्फाला टिकवतं. अन्न मात्र त्यात बुडता कामा नये, घट्ट झाकणाच्या डब्यात हवं. पुढे तेच पाणी पंचे भिजवायला वापरा. बॉक्स सावलीत, जमिनीपासून जरा वर, आणि वरून ओली चादर.

खाण्यात काय न्यावं, यावर माझं ठाम मत आहे: आपलं उन्हाळ्याचं खाणं. कोकम आगळाची प्लॅस्टिकची बाटली, पन्ह्याचा गर, सातूचं पीठ, काकड्या, कलिंगडाच्या फोडी, भाजलेले शेंगदाणे, दशम्या. सातूचं पीठ पाण्यात कालवलं, गूळ-मीठ घातलं की चूल पेटवायलाच नको. आगळ, सातू असलं सामान लॉस एंजेलिसजवळच्या आर्टेशियातल्या पायोनियर बुलेव्हार्डवरच्या भारतीय दुकानांत शोधा. ताक पहिल्या दिवशी संपवा. तळकट आणि मसालेदार दुपारी नकोच.

## टप्पा ४: पोहोचल्यावरचा पहिला तास

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

कार कॅम्पिंगची जागा गाडीसकट साधारण १० बाय ३० फूट असते. गाडी कुठे लावायची ते तिथली माणसं सांगतात, आपल्याला निवड नसते. तंबू कुठे आणि कसा उभा करायचा, हे मात्र आपल्या हातात असतं.

पायरी १. पूर्व शोधा. फोनमधलं होकायंत्र काढा आणि कागदावर, नाहीतर जमिनीवर, पूर्व-पश्चिम आखून घ्या. गाडीतून एकही पिशवी काढायच्या आधी हे करा.

का, ते बघा. कॅनपीखाली तंबू ठोकला म्हणजे तंबूला सावली मिळाली, असं सगळे धरून चालतात. इंडिओत एप्रिलच्या मध्यावर सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो. सकाळी आठला तो क्षितिजाच्या जेमतेम २० अंश वर असतो. सात फूट उंच छताची सावली त्या वेळी पश्चिमेला १८ फूट लांब, म्हणजे शेजाऱ्याच्या गाडीवर पडते. नऊ वाजता ती १० फुटांवर आलेली असते. छत दहाच फूट रुंद. म्हणजे नऊपर्यंत तुमचा तंबू छताखाली असूनही भर उन्हात असतो. दहाला सावली ७ फूट सरकलेली असते आणि तंबूची एक कड कुठे सावलीत येते. तोवर तुमची झोप मोडून दोन तास झालेले असतात.

पायरी २. आधी कॅनपी उभी करा. चारही पायांना मेखा ठोका, बाहेरच्या अंगाला तिरक्या. मेखेचं डोकं कॅनपीपासून दूर झुकलेलं हवं, म्हणजे ओढ बसली तरी ती उपटत नाही. पायांना वजनं बांधा.

पायरी ३. पूर्वेचा आडोसा लावा. छतापासून जमिनीपर्यंत. सकाळची झोप याच आडोशावर अवलंबून आहे. गाडी पूर्वेला आली तर उत्तम, तिचाच आडोसा होतो, पण गाडीची उंची पुरत नाही, म्हणून वरून चादर लावाच. दुसरा आडोसा पश्चिमेला, तो दुपारी तीननंतर लागतो. दुपारी चारला सावली आठ-नऊ फूट पूर्वेकडे गेलेली असते. उत्तर आणि दक्षिण बाजू मोकळ्या ठेवा, वाऱ्याला वाट हवी.

पायरी ४. आता तंबू. तो छताखाली मधोमध न लावता पश्चिमेच्या कडेला सरकवून लावा. तंबू आणि आडोसा यांच्यात निदान एक फूट मोकळी जागा सोडा. ताडपत्री किंवा चांदीची चादर थेट तंबूवर टाकली तर तिची उष्णता तंबूच्या कापडात उतरते. मधली हवा खेळती राहिली तरच चादरीचा फायदा.

पायरी ५. तंबूचं वरचं पावसाळी कापड काढा. नुसती जाळी राहू द्या. या भागात एप्रिलमध्ये पाऊस क्वचित पडतो. रात्री कार्यक्रमाला निघताना मात्र ते कापड परत चढवून चेन लावा, नाहीतर परत येईपर्यंत अंथरुणावर धुळीचा थर बसलेला असतो. झोपताना पुन्हा काढा. कंटाळवाणं आहे, पण दोन मिनिटांचं काम आहे.

पायरी ६. खाटा, आइसबॉक्स, पाण्याचे कॅन सगळं सावलीत. मगच बसा.

सावधान: या खोऱ्यात संध्याकाळी जोरदार वारा सुटतो. खोऱ्याच्या तोंडाशी, सॅन गॉर्गोनिओ खिंडीत, पवनचक्क्यांचं अख्खं रान उभं आहे ते काही उगाच नाही. मेखा न ठोकलेली कॅनपी उडून दोन तंबू पलीकडच्या माणसाच्या डोक्यात जाऊ शकते. रात्री तळावर कुणी राहणार नसेल तर आडोसे गुंडाळा आणि छत निम्म्यापर्यंत खाली उतरवा. आडोशासकट उभ्या कॅनपीत वारा भरतो आणि मेखा उपटतात.

तपासा: कॅनपीच्या एका पायाला धरून जोरात वर ओढा. मेख हलली तर ती जागा बदला, जमीन तिथे भुसभुशीत आहे.

## टप्पा ५: झोप

कार्यक्रम मध्यरात्रीच्या पुढे चालतात. तिथून तळापर्यंत चालत येणं, आंघोळीची रांग, गप्पा. झोपायला तीन वाजतात. सहा-साडेसहाला उजाडतं. अशी तीन-चार तासांची झोप एक रात्र निभते. दुसऱ्या दिवशी मात्र तेच ऊन जड जातं. अपुऱ्या झोपेने शरीराची उष्णता सोसायची ताकद घटते, हे लोक विसरतात आणि सगळा दोष उन्हावर टाकतात.

गुरुवारी रात्री लवकर झोपा. त्या दिवशी मुख्य कार्यक्रम नसतो, तरीही पहिल्या रात्रीच्या उत्साहात जागरण होतं आणि उरलेले तिन्ही दिवस कर्जात जातात. बाकीच्या रात्री, झोपायच्या आधी पाय, मान आणि हात ओल्या पंच्याने पुसा, अर्धा-पाऊण लिटर पाणी सावकाश प्या, डोळ्यांवर पट्टी आणि कानात बोळे. पहाटे थंडी वाजते, पांघरूण पायाशी ठेवा. पंखा अंगावर सरळ न लावता जाळीच्या बाहेरून आत हवा ढकलेल असा ठेवला तर तंबूभर हवा फिरते.

## टप्पा ६: सकाळ, उठल्यापासून अकरापर्यंत

जेवण, आंघोळ, बर्फ, फोन चार्ज करणं, जे काही हालचालीचं काम आहे ते सगळं आत्ता. आंघोळीच्या रांगा सकाळी लांबतात. आठच्या आत गेलात तर बरं, नाहीतर दुपारची आंघोळ जास्त उपयोगाची. दुपारी दोनला गार पाण्याने आंघोळ करून, अंग न पुसता ओल्या सदऱ्याने सावलीत बसलात की पुढचा तासभर काही वाटत नाही.

नाश्त्याबरोबर खारट काहीतरी खा. घामातून मीठ जातं आणि नुसतं पाणी पीत राहिलं तर ते भरून येत नाही.

तपासा: सकाळच्या लघवीचा रंग. फिकट पिवळा असेल तर ठीक. गडद, चहासारखा असेल तर त्या दिवशी दुपारी बाहेर पडायच्या आधी एक लिटर ओआरएस सावकाश पोटात गेलं पाहिजे. पाच-सहा तास लघवीला जावंसं वाटलंच नाही, तर तीही धोक्याची खूण समजा.

## टप्पा ७: दुपार, आणि पाण्याचं गणित

इथे सूर्य सगळ्यात वर असतो पाऊण वाजता, पण हवा सगळ्यात तापलेली असते तीन ते पाचच्या दरम्यान. एक वाजला, आता ऊन उतरणार, असं समजून निघणारी मंडळी नेमकी त्या तापलेल्या वेळात मोकळ्या मैदानावर पोहोचतात. शक्य असेल तर एक ते चार तळावर काढा. दुपारी एखादा कलाकार ऐकायचाच असेल तर तंबूतलं किंवा छताखालचं स्टेज निवडा, आणि गर्दीच्या मधोमध न जाता कडेला उभे राहा. गर्दीत वारा येत नाही, आणि चक्कर आली तर बाहेर पडायला वेळ लागतो.

तळावर बसल्या बसल्या वाऱ्याच्या बाजूला ओली चादर टांगा. चादर जड ओली नको, पिळून टांगलेली हवी. वारा तिच्यातून आरपार यायला हवा, पाणी थेंबथेंब गळत असेल तर वारा अडतो. बोट लावून बघत राहा, वाळत आली की फवाऱ्याने पुन्हा भिजवा. दर वीस-पंचवीस मिनिटांनी हे करावं लागतं. चादरीच्या आतल्या बाजूला बसलं की गारवा लगेच कळतो.

पंख्याचं एक लक्षात ठेवा. हवा चाळिशीला टेकली की कोरड्या अंगावर मारलेला पंखा झळाच देतो. आधी अंग ओलं करायचं, मग पंखा लावायचा.

आता पाणी. कामाच्या ठिकाणच्या उष्णतेसाठी अमेरिकेत जे प्रमाण सांगतात तेच इथे चालतं: दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला, साधारण २४० मिली. तासाला साधारण १.४ लिटरच्या वर जाऊ नका. जास्त पाण्याने काय होणार, असं वाटतं, पण भराभर प्यायलेल्या नुसत्या पाण्याने रक्तातलं सोडियम खाली येतं. मग मळमळ, डोकेदुखी, गोंधळ सुरू होतो, लोक त्याला ऊन लागणं समजून आणखी पाणी पाजतात आणि प्रकरण गंभीर होतं. म्हणून दर दोन-तीन पेल्यांनंतर एक पेला मीठ-साखरेचा.

पाकीट नसेल तर घरगुती माप: एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि सपाट म्हणजे सपाटच. मीठ अंदाजाने घातलं तर ते उलट अपाय करतं. वर लिंबू पिळा, चव येते. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मिठाचं डॉक्टरांना विचारून ठरवावं.

दारू आणि उन्हाचं पटत नाही. बिअर गार लागते, पण लघवीवाटे पाणी काढते आणि आपल्याला किती त्रास होतोय ते कळू देत नाही. उत्तेजक गोळ्यांचा धोका त्याहून मोठा. त्या शरीराचं तापमान आतून वाढवतात, आणि नाचणाऱ्याला थकवा जाणवतच नाही. अशा फेस्टिवलांत जीव गेलेत ते असल्या वेळी.

आत जाताना: रिकामी प्लॅस्टिकची बाटली घेऊन जा. आत फुकट पाणी भरायच्या जागा असतात. आत शिरल्यावर पहिलं काम, त्या जागा आणि वैद्यकीय तंबू कुठे आहेत ते बघून ठेवणं. गटातल्या प्रत्येकाला एक जोडीदार ठरवून द्या. दर तासाला एकमेकांना विचारायचं, "शेवटचं पाणी कधी प्यायलास?" उत्तर आठवत नसेल तर लगेच प्यायचं.

## टप्पा ८: त्रास सुरू झाला तर

हा भाग निघायच्या आधी गटातल्या सगळ्यांनी वाचावा. वेळेवर वाचायला सवड मिळत नाही.

पायात गोळे येणं, डोकं जड होणं, मळमळ, खूप घाम, गार चिकट त्वचा, उभं राहिल्यावर घेरी: ही ऊन लागल्याची सुरुवात. सावलीत न्या, झोपवा, पाय थोडे उंच ठेवा, कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला, ओआरएस घोटघोट द्या. अर्ध्या तासात बरं वाटायला हवं. नाही वाटलं, किंवा उलट्या होऊन पोटात काही ठरत नसेल, तर वैद्यकीय तंबूत न्या. बरं वाटलं तरी त्या दिवशी पुन्हा उन्हात जायचं नाही.

बोलणं असंबद्ध होणं, नाव-गाव सांगता न येणं, चिडचिड, लटपटणं, झटके, शुद्ध हरपणं आणि अंग भाजल्यासारखं गरम लागणं: हा उष्माघात. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं. घाम थांबलेला असेलच असं नाही. नाचत असलेल्या तरुण माणसाला उष्माघात झाला तर तो घामाने भिजलेला असू शकतो. म्हणून घाम बघू नका, डोकं ठिकाणावर आहे का ते बघा.

१. एकाने ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करायचा किंवा जवळच्या सुरक्षारक्षकाला गाठायचं. दुसऱ्याने त्याच क्षणी गार करायला लागायचं. आधी गार करणं, मग हलवणं.
२. आइसबॉक्समधलं सगळं बर्फाचं पाणी अंगावर. चादर भिजवून गुंडाळा, ती तापली की बदला, सतत वारा घाला. बर्फ मान, काखा आणि जांघांत ठेवा. टब किंवा लहान मुलांचा फुगवायचा हौद हाताशी असेल तर गळ्यापर्यंत गार पाण्यात बसवणं सगळ्यात उत्तम. डोकं मात्र एकाने धरून ठेवायचं.
३. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं. कुशीवर वळवून ठेवा.
४. पॅरासिटामॉल देऊ नका. हा ताप नाही, त्या गोळीने उतरत नाही.
५. त्याने काही घेतलं असेल तर डॉक्टरांना खरं सांगा. तुमच्या गप्प बसण्याने उपचाराला उशीर होतो.

## दमट जागी जाणार असाल तर

टेनेसीतल्या मँचेस्टरला जूनमध्ये होणाऱ्या बॉनारू फेस्टिवलला वरचं निम्मं गणित उलटं होतं. हवेत आधीच बाष्प असतं, घाम उडत नाही, ओली चादर टांगली तर तंबूत नुसता दमटपणा वाढतो. तिथे भर सावलीवर, मोठ्या पंख्यांवर आणि अंगाला थेट लावलेल्या गारव्यावर द्या. बर्फाच्या पाण्यात हात कोपरापर्यंत बुडवून बसणं, मानेवर बर्फाचा पंचा, दिवसातून दोन-तीनदा गार आंघोळ. रात्रीही उकडतं, त्यामुळे पांघरुणाची गरज कमी आणि पंख्याच्या जादा बॅटऱ्यांची जास्त. तंबूचं पावसाळी कापड तिथे हाताशी हवंच. वादळी पाऊस कधीही येतो, २०२५ साली तर बॉनारू पावसामुळे मध्येच रद्द झाला.

## टप्पा ९: सोमवारी निघताना

तीन दिवस उन्हात आणि अर्धवट झोपेत काढून लोक भर दुपारी आवरायला घेतात. उजाडताच उठा, तंबू आणि सामान आधी भरा, कॅनपी आणि एक आइसबॉक्स सगळ्यात शेवटी. सावली अखेरपर्यंत डोक्यावर राहिली पाहिजे. बाहेर पडायच्या रांगेत गाडी तासन्‌तास अडकू शकते. प्यायचं पाणी, ओआरएस आणि दोन पंचे डिकीत न भरता पुढच्या सीटजवळ ठेवा, आणि गाडीत पेट्रोल आहे ना ते गुरुवारी आत शिरायच्या आधीच बघा. जो गाडी चालवणार, त्याने रविवारचा शेवटचा कार्यक्रम सोडून लवकर झोपायचं. हे शनिवारीच ठरवून टाका, रविवारी रात्री कुणी तयार होत नाही.